बर्री, बसा

सांबऱ्याच्या विमानतळाबाहेर आम्ही आठ घरांतले यजमान औक्षणाची ताटं घेऊन उभे होतो. शाळेनं तसं कळवलंच होतं. आईनं आदल्या रात्री शेवंतीची वेणी स्वतः केली होती, पिवळीधमक, बोटभर जाड. आमच्या वाट्याला आलेली पंधरा वर्षांची फ्रेंच मुलगी पुढं आली, वेणीकडं बघितलं आणि अर्धं पाऊल मागं सरकली. लगेच सावरली, हसली आणि मान वाकवून वेणी माळून घेतली. ती का दचकली हे आम्हाला सहाव्या दिवशी कळलं. ते पुढं सांगतो.

शाळाशाळांतल्या परदेशी देवाणघेवाणीच्या आठवड्याबद्दल लिहायला बसलो की मला पहिल्यांदा ते अर्धं पाऊल आठवतं. कारण बाकीचं बरंचसं छापील होतं. यजमान घरासाठी शाळेनं अटींचं पत्रक काढलं होतं. घरात एक तरी माणूस अस्खलित इंग्रजी बोलणारं हवं, पाहुण्याला स्वतंत्र खोली हवी, कमोड हवा, चारचाकी असल्यास प्राधान्य. एकेक अट सुटी घेतली तर वावगी वाटत नाही. पण सगळ्या एकत्र लावल्या की बेळगावचा नकाशा आपोआप आवळत जातो आणि शेवटी कॅम्प, टिळकवाडी, हनुमाननगर, सदाशिवनगर एवढाच उरतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, कंग्राळी बाद. उचगाव-खानापूरचं तर नावच नको. आम्ही शहापुरात राहतो, एकेकाळी दिवसभर हातमागांचा खटखटाट चालायचा त्या गल्लीत. आमचा नंबर लागला तो एक घर ऐनवेळी गळालं म्हणून. बदली खेळाडू म्हणा ना.

आणि हो, मी स्वतः मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि माझी मुलगी या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

सात दिवसांत शाळेनं काय काय दाखवलं? पहिल्या दिवशी स्वागत समारंभ, त्यात हिंदी सिनेगीतांवर नाच. एक दिवस मेंदी आणि साडी नेसण्याचा कार्यक्रम. मग दोन दिवस गोवा. बेळगाव बघायला आलेल्या पोरांना सातांतले दोन दिवस गोव्याच्या किनाऱ्यावर नेऊन सोडायचं, याला काय म्हणावं? किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ सालची, शाळेपासून रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. ती कुणी दाखवली नाही. शाळेच्या माहितीपत्रकावर मात्र पुढच्या वर्षी त्या गोऱ्या मुलांचे साडीतले फोटो झळकले. प्रवेशाच्या हंगामात त्याचा उपयोग होत असणार. त्याबद्दल मी शाळेला फार बोल लावत नाही, शाळा चालवायची म्हणजे हेही आलंच. माझी तक्रार वेगळी आहे.

या गावाला घरात पाहुणा उतरवून घ्यायची जुनी सवय आहे. १८९२च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद फारसे कुणाला ठाऊक नव्हते तेव्हा बेळगावात आले. आधी एका मराठी वकिलाच्या घरी राहिले, मग एका बंगाली वन अधिकाऱ्याच्या घरी. १९२४ साली महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते टिळकवाडीत भरलं. त्या पाहुण्यांच्या पाण्यासाठी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. अधिवेशनाची सगळी व्यवस्था पाहणारे गंगाधरराव देशपांडे हे टिळकांचे कट्टर अनुयायी आणि लोकांच्या तोंडी ‘कर्नाटकसिंह’. ही दोन्ही बिरुदं एकाच माणसाला शोभतात, हे आज माझ्या विद्यार्थ्यांना पटवून द्यायला अर्धा तास लागतो.

पाहुणीची खरी शाळा आमच्या स्वैपाकघरात भरली. आईला इंग्रजीचा गंध नाही आणि पाहुणीचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे बेताचं. पहिल्या संध्याकाळी दोघी परातीपाशी समोरासमोर बसल्या. आईनं ज्वारीच्या पिठाचा गोळा मळून तिच्या हातात दिला आणि स्वतः दुसरा घेतला. पोरीची भाकरी कडेनं फाटली, आईनं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून कड कशी दाबत न्यायची ते दाखवलं, परत फाटली. तिसऱ्या दिवशी तव्यावर पाणी फिरवून तिनं टाकलेली भाकरी फुगली तेव्हा ती जी ओरडली ते समोरच्या घरात ऐकू गेलं. समोरच्या अव्वा पदराला हात पुसत बघायला आल्या.

अव्वांचं घर कन्नड. मूळचे बैलहोंगलकडचे, पण तीस-पस्तीस वर्षं आमच्या गल्लीत. मधल्या रस्त्याची रुंदी चाळीस फूट नसेल. त्या दिवसापासून पाहुणीचं दोन्हीकडं जाणंयेणं सुरू झालं. सकाळी आमच्याकडं चहा, दुपारी अव्वांकडं शेंगा होळगी, संध्याकाळी परत आमचा कट्टा. कुठल्या दारात कुठली भाषा लागते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि तिला ते वेगळं कळण्याचं कारणही नव्हतं. अव्वांची सून आल्यागेल्याला “बर्री, कूड्री” म्हणायची, आई “या की, बसा” म्हणायची. पाचव्या दिवशी आमच्याकडं नळ दुरुस्त करणारा आला तर ही पोर पुढं होऊन त्याला म्हणाली, “बर्री, बसा.” कुणी दुरुस्त केलं नाही. तो बिचारा बसलासुद्धा.

एकदा नाश्त्याला उप्पीट होतं. तिनं नाव विचारलं. मी काही सांगायच्या आत दारातून अव्वा म्हणाल्या, “उप्पु, हिट्टु.” मीठ आणि पीठ. माझ्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी हजार वेळा उप्पीट खाल्लं असेल, त्यात कन्नडचं मीठ आणि पीठ आहे हे मला एका फ्रेंच मुलीच्या प्रश्नामुळं कळलं. अक्का, अण्णा हे शब्द आपले की त्यांचे, यावर आपण भाषाशास्त्राच्या गप्पा मारतो. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कन्नडचे वरकवी झाले, ज्ञानपीठापर्यंत पोचले, हेही भाषणात सांगतो. पण समोरच्या घरात जाऊन “हे तुमच्यात कसं करतात हो?” एवढं विचारायला आपल्याला सात हजार किलोमीटरवरून पाहुणी यावी लागते.

गावाच्या नावाचा गोंधळही पहिल्या दिवशीच झाला होता. शाळेच्या पत्रात बेळगाव, विमानाच्या तिकिटावर बेळगावी, आईच्या तोंडी पुन्हा बेळगाव. मी तिला सांगायला लागलो की २०१४च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदललं, मराठी माणसं मात्र जुनंच वापरतात, वगैरे. तिनं मला थांबवलं. ती फ्रान्समधल्या, जर्मन सरहद्दीला लागून असलेल्या अल्सास प्रांतातली, स्ट्रासबूर्गजवळची. फ्रेंचमध्ये स्ट्रासबूर्ग, जर्मनमध्ये श्ट्रासबुर्ग, आणि तिची आजी जी अल्साशियन बोली बोलते तिच्यात श्ट्रोसबुरी. तिच्या गावाच्या जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्यांवर वर फ्रेंच नाव असतं आणि खाली बोलीतलं. “तुमच्याकडं पाट्या कशा असतात?” तिनं विचारलं. मी विषय बदलला. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या आणि म्हणून पाडल्या गेलेल्या येळ्ळूरच्या फलकाची गोष्ट कुठं सांगत बसायचं?

मग सहावा दिवस उजाडला, १ नोव्हेंबर.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, बेळगावकरांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. १९५६ला याच तारखेला भाषावार राज्यरचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीसह मोठा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळं राणी चन्नम्मा चौकात या दिवशी लाल-पिवळ्या झेंड्यांची राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि त्याच शहरात मराठी माणूस काळे कपडे घालून काळा दिन पाळतो, निषेध फेरी काढतो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल महाराष्ट्रानं मानला नाही. २००४पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

शाळेचा निरोप आला, पाहुण्यांना आज घराबाहेर काढू नका. लांबून डीजेचा धडधडाट येत होता. दुपारी माझा पुतण्या फेरीवरून काळा शर्ट घालून घामाघूम परतला आणि कट्ट्यावर टेकला. तेवढ्यात समोरून अव्वांचा नातू आला, गळ्यात लाल-पिवळा पट्टा. दोघेही नववीत, एक मराठी माध्यमात, दुसरा कन्नड. रोज गल्लीत एकत्र क्रिकेट खेळतात. त्या दिवशी दोघं कट्ट्याच्या दोन टोकांना बसले आणि मोबाइलमध्ये डोकं घालून राहिले. मधे ती फ्रेंच पोर.

तिनं दोन्ही कपड्यांकडं बघितलं आणि विचारलं, “तुमच्याकडं आज नेमकं काय आहे? कुणी वारलंय, की कुणाचं लग्न आहे?” मी सांगायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, आमच्याकडं आज सगळे थडग्यांवर जातात, शेवंती घेऊन. सर्व संतांचा दिवस. तेव्हा वेणीचा उलगडा झाला. तिच्या गावात या दिवसांत शेवंती फक्त मेलेल्या माणसांसाठी विकत घेतात. आईला मी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. “अगं बाई, मग काढून नाही का टाकायची! ती तर उशाशी ठेवून झोपली की!” पोरीनं सांगितलं, आज घरी असते तर ती आजीबरोबर आजीच्या आईच्या थडग्याशी गेली असती. ती बाई एकाच गल्लीत, एकाच घरात राहिली आणि तीन वेळा तिचा देश बदलला. जन्मली तेव्हा जर्मन, १९१८नंतर फ्रेंच, १९४०मध्ये पुन्हा जर्मन, १९४५ला पुन्हा फ्रेंच. तिच्या भावाला तर जर्मन फौजेत जबरदस्तीनं घातलं होतं.

कट्ट्याच्या दोन्ही टोकांचे मोबाइल खाली आले होते.

मला या लेखात सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. आपण ज्याला हौसेनं ‘एक्स्चेंज प्रोग्रॅम’ म्हणतो, पंचतारांकित शाळांचा शौक समजतो, तो प्रकार युरोपात फोफावला तो सरहद्दीवरच्या वैरातून. फ्रान्स आणि जर्मनीमधल्या ऱ्हाईन नदीच्या दोन्ही काठांवर सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीन लढाया झाल्या होत्या. दुसरं महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती तेव्हा, १९५० साली, फ्रान्समधल्या मोंबेलियार आणि जर्मनीतल्या लुडविग्सबुर्ग या दोन गावांनी आपसांत नातं जोडलं. १९६२च्या सप्टेंबरात त्याच लुडविग्सबुर्गमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी जर्मन तरुणांसमोर जर्मन भाषेत भाषण केलं. जर्मनांनी लंडनला हाकलून लावलेला सेनापती, आणि तो जर्मनांशी त्यांच्या भाषेत बोलतो. २२ जानेवारी १९६३ला एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचं मिळून तरुणांसाठी एक स्वतंत्र कार्यालय उघडलं. तेव्हापासून आजवर ८० लाखांहून जास्त मुलं नदी ओलांडून एकमेकांच्या गावी राहून आली आहेत. करार मोठ्यांनी केला, पण तो टिकवला ज्यांनी दुसऱ्याच्या घरी न आवडणारं सूप गिळलं त्या पोरांनी.

म्हणजे ही कल्पना जणू बेळगावासारख्या ठिकाणासाठीच जन्मली, आणि आपण ती वापरतो कशासाठी? ज्यांच्याशी आपलं कधी भांडण नव्हतं त्यांना गोवा दाखवायला.

सरकारी शहाणपणाची कथा याहून गमतीची. २०१५ साली केंद्रानं ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजना जाहीर केली. राज्यांच्या जोड्या लावून एकमेकांची भाषा, जेवण, गाणी शिकायची. महाराष्ट्राची जोडी कुणाशी? ओडिशाशी. कर्नाटकाची? उत्तराखंडशी. चांगलंच आहे, ओडिशाची भाषा गोड आहे म्हणतात. पण ज्या दोन राज्यांना एकमेकांची भाषा शिकायची खरी निकड आहे त्यांची जोडी लावायला कुणाचा हात धजावला नाही. इकडं २०२५च्या फेब्रुवारीत बसमध्ये भाषेवरून झालेल्या एका वादातून दोन राज्यांमधल्या बसफेऱ्या काही दिवस बंद पडल्या. माझ्या शाळेतली कोल्हापूरकडची एक शिक्षिका त्या आठवड्यात घरी जाऊ शकली नाही.

माझं म्हणणं असं आहे. जी शाळा परदेशी मुलांना आठवडाभर बोलावते, तिनं त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या माध्यमाच्या शाळेशी तितक्याच दिवसांची देवाणघेवाण करावी. आधी ही, मग ती. बैलहोंगल-सौंदत्तीची कन्नड मुलं बेळगाव-खानापूरच्या मराठी घरांत, आणि आपली मुलं त्यांच्या घरांत. तिकडं सांगलीच्या जत तालुक्यात आणि सोलापूरच्या अक्कलकोटात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांचं दुःख आपल्या दुःखाची आरशातली प्रतिमा आहे, त्यांनाही यात घेता येईल. खर्च किती? एसटीचं भाडं आणि घरात एक ताट जास्त. व्हिसा नको, विमान नको. परदेशी मुलगी घरात उतरली तर २४ तासांत फॉर्म भरून तिची नोंद सरकारला द्यावी लागते, पासपोर्टचा फोटो चढवावा लागतो. मी तो रात्री अकरा वाजता घाम गाळत भरला आहे. समोरच्या नातवासाठी असला कुठलाच फॉर्म नाही. तरी तो पस्तीस वर्षांच्या शेजारात आमच्याकडं एक रात्रही झोपलेला नाही.

यजमान निवडताना इंग्रजीची अट पहिल्यांदा काढावी. आमच्या घरातला सगळा शिकण्यासारखा भाग इंग्रजी येत नसल्यामुळं घडला. आईला इंग्रजी येत असतं तर ती भाकरीबद्दल बोलली असती, हातावर हात ठेवून थापायला शिकवली नसती. सुरक्षेच्या अटी मात्र कडक हव्यात, त्यात सूट नको. रोटरीच्या युवक देवाणघेवाणीत यजमान घराची आधी पाहणी होते, घरातल्या मोठ्या माणसांची चौकशी होते, मुलाला तक्रार सांगायला घराबाहेरचं एक माणूस ठरवून दिलेलं असतं. ते सगळं इथंही हवं. लेकरू कुणाचंही असो, फ्रान्सचं की बैलहोंगलचं, ते दुसऱ्याच्या घरात एकटं आहे हे विसरून चालत नाही. कमोडपेक्षा ही अट महत्त्वाची.

आता आक्षेप. हे मी स्टाफरूममध्ये बोलून दाखवलं तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी उसळले. “म्हणजे लढा सोडायचा काय सर? हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहायची आणि घरी येऊन त्यांच्याच पोरांना पुरणपोळी वाढायची?” १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते स्वतः होते, लाठी खाल्लेली आहे. त्यांना उडवून लावणं मला जमणार नाही. माझं उत्तर एवढंच होतं की दावा न्यायालयात आहे आणि मुलगा घरात. एकाच्या जेवणानं दुसऱ्याचा निकाल फिरत नाही. मराठीतून शिकण्याचा हक्क ही कुणी घातलेली भीक नव्हे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठीचं ३५० ‘अ’ कलम घटनेत आलं ते सातव्या दुरुस्तीनं, १९५६ सालीच, राज्यं तोडली-जोडली त्याच वर्षी. तो हक्क मागताना समोरच्या पोराला शत्रू मानायची गरज कुठं आहे? आमच्या मुलांना कन्नड परिपत्रकं वाचता यावीत आणि त्याबरोबर मराठीतही परिपत्रकं मिळावीत, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं मागता येतात.

पण त्यांचा दुसरा प्रश्न मला आजही टोचतो. ते म्हणाले, “मैत्री होईल सर, आणि भाषा जाईल. तुमच्या त्या फ्रेंच पोरीला तिच्या आजीची बोली येते काय?” येत नाही. तिला पंधरावीस शब्द येतात, तेही शिव्या आणि खाण्याचे. युद्धानंतर अल्सासच्या शाळांत बोलीला मज्जाव होता. ‘फ्रेंच बोलणं म्हणजे ऐटदार’ अशी पाटी भिंतींवर लावलेली असायची. तिच्या आजीला शाळेत बोली बोलल्याबद्दल शिक्षा झाली आणि आजीनं मग आपल्या मुलांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. लहान भाषा मोडायला शत्रूच लागतो असं नाही. शाळा पुरते आणि घाबरलेली आई पुरते. १९९०च्या दशकात तिथल्या पालकांनी पुढाकार घेऊन द्विभाषिक शाळा काढल्या, पण तोवर एक पिढी निसटली होती. पाट्यांवर बोली उरली, जिभेवरून गेली.

यातून मी जे शिकलो ते माझ्या सहकाऱ्यांच्या निष्कर्षाच्या उलट आहे. अल्सासमध्ये बोली गेली ती देवाणघेवाणीमुळं गेली नाही, एकतर्फी शाळेमुळं गेली. आमच्याकडचा कारभारही आज एकतर्फीच आहे. मराठी माध्यमाचं पोर दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकतं, लिपीसकट शिकतं, परीक्षा देतं. कन्नड माध्यमाचं पोर मराठी शिकत नाही. अव्वांचा नातू हिंदीमुळं देवनागरी सहज वाचतो, तरी “मला मराठी येत नाही” असं ठामपणे सांगतो. कट्ट्यावर आमचं सगळं बोलणं त्याला कळत असतं. देवाणघेवाण झाली तर त्याला आमच्या घरात आठवडाभर मराठी ऐकावं, बोलावं लागेल. माझा आग्रह आहे की यजमान घराची भाषा ही त्या आठवड्याची भाषा असावी. आमच्या पोरानं तिकडं कन्नड बोलायचं, त्यांच्यानं इकडं मराठी. मधे इंग्रजी नको, हिंदीही नको. सक्तीनं शिकवलेलं कन्नड आमच्या मुलांना परीक्षेपुरतं येतं. भूक लागल्यावर “ऊटा आतेन्री?”, म्हणजे जेवण झालं का, हे ऐकून शिकलेलं कन्नड आयुष्यभर राहील, आणि ते आल्यानं त्यांची मराठी एका अक्षरानं कमी होणार नाही.

एक आक्षेप माझ्या बायकोचाही होता आणि त्याला मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं. “पाहुणा कुणाचाही असू दे, राबायचं कुणी?” फ्रेंच मुलीच्या त्या सात दिवसांत शाळेच्या मंचावर सत्कार माझा झाला. शाल, श्रीफळ. भाकरी मात्र आईनं आणि बायकोनं केल्या. म्हणून यंदा अट घातली आहे की पाहुण्यानं पहिल्या दिवसापासून घरातलं एक काम अंगावर घ्यायचं आणि यजमान मुलानंही. बायको म्हणाली, “आणि यजमान बाप्यानं?” मी भांडी घासतो आहे.

शेवटी मी बैलहोंगल तालुक्यातल्या एका कन्नड शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. पुढच्या सुट्टीत त्यांची सहा मुलं आमच्याकडं येतील, नंतर आमची सहा तिकडं. माझ्या शाळेत पालकांची बैठक घेतली तेव्हा मला वाटलं सीमाप्रश्न निघणार, आवाज चढणार. एकजण उठून गेले, हे खरं. बाकीच्या बायका आपापसांत कुजबुजत होत्या. शेवटी मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, “ते सगळं असू दे सर, पण त्यांच्यात सकाळी काय खातात म्हणे?”

“उप्पीट,” मी म्हणालो.

“मग लिहा की आमचं नाव.”